ब्लू मून, वुल्फ मून वगैरे : ही नावं नेमकी आली कुठून?

पिठूर (धागाकर्ता)

३१ मे २०२६ची पौर्णिमा म्हणजे ब्लू मून, अशी ढकलपत्रं सगळीकडे फिरताना दिसतात. निम्म्या पत्रांसोबत निळ्याशार चंद्राचं चित्रही चिकटवलेलं असतं. चंद्र निळा दिसत नाही हे इथल्या मंडळींना सांगायला नको, त्यावर शाई दवडत नाही. मला बोलायचंय ते ‘एका महिन्यात दोन पौर्णिमा आल्या की दुसरी ती ब्लू मून’ या व्याख्येबद्दल. ती सगळीकडे ‘प्राचीन’ आणि ‘पारंपरिक’ म्हणून खपते. प्रत्यक्षात तिचं वय १९४६पासून मोजावं लागतं, आणि तिचा जन्म झालाय एका गैरसमजातून.

त्याआधीचा नियम असा. अमेरिकेच्या मेन राज्यातून ‘मेन फार्मर्स अल्मनॅक’ नावाचं शेतकऱ्यांचं पंचांग १८१९पासून निघायचं. त्यात वर्षाचे चार ऋतू धरलेले होते, एका अयनापासून (वर्षातला सर्वांत मोठा किंवा सर्वांत लहान दिवस) किंवा संपातापासून (दिवस-रात्र समान असतो तो दिवस) पुढच्यापर्यंत एक ऋतू. प्रत्येक ऋतूत साधारणपणे तीन पौर्णिमा येतात आणि प्रत्येकीला तिचं ठरलेलं नाव असतं. कधीतरी एखाद्या ऋतूत चार येतात. मग त्या चारांतल्या तिसरीला ब्लू मून म्हणायचं.

चौथीला नाही, तिसरीला. हे पहिल्यांदा वाचताना विचित्रच वाटतं. पण पंचांगकर्त्यांची अडचण बघा. त्यांची नावं अयन-संपातांना आणि चर्चच्या सणांना बांधलेली होती. यूलनंतर, म्हणजे हिवाळी अयनानंतर, लगेच येणारी पौर्णिमा ‘मून आफ्टर यूल’. हिवाळ्यातली शेवटची ‘लेंटन मून’, कारण ती ईस्टरआधीच्या उपवासाच्या काळात पडते. वसंतातली पहिली ‘एग मून’, तिच्यावरून ईस्टर ठरतो. म्हणजे ऋतूची पहिली आणि शेवटची पौर्णिमा हलवता येत नाही. जास्तीची पौर्णिमा मधेच कुठेतरी जिरवायची, तर तिसरीची जागा मोकळी. तिला बाजूला काढलं की उरलेल्या तिघी आपापल्या नावांवर नीट बसतात.

आता गैरसमज. जुलै १९४३मध्ये ‘स्काय अँड टेलिस्कोप’ मासिकाच्या प्रश्नोत्तरांत कुणीतरी ब्लू मूनबद्दल विचारलं. लॉरेन्स लाफ्लर यांनी उत्तरात १९३७च्या मेन पंचांगातला मजकूर दिला. तेरावी पौर्णिमा आली की कालगणना सांभाळणाऱ्या मठवासीयांची पंचाईत व्हायची, अशा आशयाचा. मजकूर दिला, पण ब्लू मूनची तारीख दिली नाही. मग मार्च १९४६मध्ये ओरेगनमधले हौशी खगोल अभ्यासक जेम्स ह्यू प्रुएट यांनी त्याच मासिकात लेख लिहिला. त्यांनी हिशेब मांडला, की वर्षात तेरा पौर्णिमा म्हणजे अकरा महिन्यांत एकेक आणि एका महिन्यात दोन, तेव्हा ही दुसरी तीच ब्लू मून असावी. आपण असा अर्थ लावतोय हे त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलंही होतं. पुढच्यांनी तेवढं वाक्य गाळलं.

१९३७चं पंचांग त्यांच्या हाताशी असतं तर ही भानगड तिथेच मिटली असती. त्यात ब्लू मून होती २१ ऑगस्टला! महिन्याच्या एकविसाव्या दिवशी ‘महिन्यातली दुसरी पौर्णिमा’ कशी येईल? आणि जानेवारी ते डिसेंबर १९३७मध्ये पौर्णिमा होत्या बाराच. पंचांगाचं वर्ष अयन ते अयन मोजलेलं, म्हणून तिथे तेरा भरत होत्या.

प्रुएट यांचा लेख बरीच वर्षं पडून राहिला. ३१ जानेवारी १९८०ला ‘स्टारडेट’ या अमेरिकी रेडिओ कार्यक्रमात तो अर्थ सांगितला गेला, मग १९८६च्या ‘ट्रिव्हियल पर्सूट’ या प्रश्नमंजुषेच्या खेळात शिरला, आणि मग काय, जगभर. १९९९मध्ये डोनाल्ड ओल्सन, रिचर्ड फाइनबर्ग आणि रॉजर सिनॉट यांनी मेन पंचांगाचे १८१९ ते १९६२ या काळातले चाळीसहून अधिक अंक मिळवून तपासले. जिथे जिथे ब्लू मून छापलेली सापडली, तिथे तारीख २०, २१, २२ किंवा २३, आणि महिना फेब्रुवारी, मे, ऑगस्ट किंवा नोव्हेंबर. महिन्यातली दुसरी एकही नाही. ‘स्काय अँड टेलिस्कोप’ने आपल्याच पानावरची चूक आपल्याच पानावर मान्य केली, याचं मला फार कौतुक वाटतं.

थोडक्यात, जुन्या नियमाने ३१ मे २०२६ ही ब्लू मून नाहीच. त्या वसंतात २ एप्रिल, १ मे आणि ३१ मे अशा तीनच पौर्णिमा. जाणकारांनी भर घालावी.

---

शंकासूर

लेख आवडला, पण भांडण कळलं नाही. भाषा लोकांची असते. सगळं जग महिन्यातल्या दुसरीला ब्लू मून म्हणतंय, तर तीच व्याख्या. मेनच्या पंचांगालाही ते नाव कुणी ताम्रपटावर कोरून दिलं नव्हतं.

---

पिठूर

@शंकासूर, वापरायला माझी ना नाही. माझा आक्षेप ‘प्राचीन’ या लेबलाला आहे. नवी व्याख्या सोपी आहे, कुणालाही साधं कॅलेंडर बघून कळते, म्हणून टिकली. जुनीसाठी संपात आणि अयन माहीत हवेत. सोपी ती जिंकली, ठीक. पण तिला आजोबांची टोपी कशाला घालायची?

---

दशमलव

दोन्ही व्याख्यांचं गणित मांडून ठेवतो, मग भांडा.

पौर्णिमा ते पौर्णिमा सरासरी २९.५३ दिवस. बारा वेळा म्हणजे ३५४.३७ दिवस. सौर वर्ष ३६५.२४चं. दरवर्षी जवळपास ११ दिवस शिल्लक राहतात आणि ते साठत साठत तीनेक वर्षांत एक अख्खी पौर्णिमा होते. १९ सौर वर्षं आणि २३५ चांद्रमास यांच्यात फरक पडतो जेमतेम दोन तासांचा. अथेन्सच्या मेटनच्या नावाने हे चक्र ओळखतात, इसवी सनापूर्वी ४३२मधलं.

१९ वर्षांत ऋतू ७६. प्रत्येकी तीन प्रमाणे २२८. पौर्णिमा २३५. उरल्या ७. म्हणजे जुन्या नियमाने १९ वर्षांत सात ब्लू मून.

नव्या नियमात एक गंमत आहे. महिनेही २२८च, त्यामुळे तिथेही सातच याव्यात. पण फेब्रुवारी खोडा घालतो. तो २८ किंवा २९ दिवसांचा, आणि चांद्रमास कितीही आखूड झाला तरी २९.२७ दिवसांच्या खाली जात नाही. त्यामुळे फेब्रुवारीत ब्लू मून कधीच येत नाही. उलट कधीकधी फेब्रुवारी पौर्णिमेवाचून कोरडा जातो. तसं झालं की ती पौर्णिमा जानेवारी आणि मार्च वाटून घेतात आणि एका वर्षात दोन ब्लू मून पडतात. २०१८ आठवा : ३१ जानेवारी आणि ३१ मार्च, मधला फेब्रुवारी रिकामा. त्याआधी १९९९ला हेच झालं, नेमक्या याच तारखांना. पुढे २०३७ला पुन्हा याच तारखा. दर खेपेला १९ वर्षांचं अंतर, मेटनचं चक्र डोळ्यांदेखत फिरताना दिसतं.

प्रुएट यांचं ‘अकरा महिन्यांत एक, एका महिन्यात दोन’ हे वाक्य म्हणूनही ढिलं आहे. २०१८मध्ये तेरा पौर्णिमा होत्या, आणि वाटणी झाली नऊ महिन्यांत एकेक, दोन महिन्यांत दोन-दोन, एकात शून्य.

---

निशाचर

दशमलव, वा. हे फेब्रुवारीचं कधी लक्षात आलं नव्हतं. वाखु (वाचनखूण) साठवली.

---

अधांतरी

म्हणजे हा आपला अधिक महिनाच झाला की! उगाच इंग्रजी नाव घेऊन मिरवतायत.

---

दशमलव

@अधांतरी, रोग तोच, औषध वेगळं.

साठलेल्या ११-११ दिवसांची विल्हेवाट दोन्हीकडे लावायची आहे, इतपत खरं. पण मेनच्या पंचांगात जास्तीची धरतात ती पौर्णिमा, आपल्याकडे जास्तीचा असतो तो अख्खा महिना. आणि अधिक कोणता हे ऋतूत मोजून ठरत नाही. ज्या चांद्रमासात सूर्य एका राशीतून दुसरीत जातच नाही, म्हणजे ज्यात संक्रांत नाही, तो अधिक. २०२६ला १७ मे ते १५ जून हा अधिक ज्येष्ठ. सूर्य मेच्या मध्यावर वृषभेत शिरला, त्यानंतर अमावास्या संपली, आणि पुढची अमावास्या संपेपर्यंत तो वृषभेतच. मिथुन संक्रांत १५ जूनलाच, पण काही तास उशिरा.

यात बघण्यासारखी गोष्ट अशी की ३१ मेची ही ‘ब्लू मून’ बरोबर अधिक ज्येष्ठाची पौर्णिमा आहे. २०१२लाही असंच जुळलं होतं, ३१ ऑगस्टची ब्लू मून आणि अधिक भाद्रपदाची पौर्णिमा एकच. पण दर वेळी जुळेल असं समजू नका. २०१५, २०२० आणि २०२३ला महिन्यातली पहिली पौर्णिमा अधिकातली होती, आणि ब्लू मूनचा मान मिळाला दुसरीला, म्हणजे निज महिन्यातल्या पौर्णिमेला. इंग्रजी महिन्याच्या कडा आणि चांद्रमासाच्या कडा यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, जुळलं तर योगायोग.

आणखी एक, आणि हे मला सगळ्यात जास्त आवडतं. पृथ्वी जानेवारीच्या सुरुवातीला सूर्याच्या सर्वांत जवळ असते आणि तेव्हा जास्त वेगाने पळते. त्यामुळे ऋतू सारख्या लांबीचे नाहीत. जून अयन ते सप्टेंबर संपात सुमारे ९३.६ दिवस, आणि डिसेंबर अयन ते मार्च संपात फक्त ८९. चार पौर्णिमा मावायला पहिली ते चौथी सरासरी ८८.६ दिवस लागतात. हिवाळ्यात मोकळी फट राहिली अर्ध्या दिवसाहूनही कमी! खरा सूर्य धरला तर हिवाळ्यात ब्लू मून जवळजवळ येऊच नये. मग मेनच्या पंचांगात फेब्रुवारीतल्या ब्लू मून कशा? कारण ते लोक खरा सूर्य धरतच नव्हते. सम गतीने फिरणारा मध्यम सूर्य धरायचे, त्यामुळे चारही ऋतू सारखे, ९१.३ दिवसांचे.

आपल्याकडे स्पष्ट, म्हणजे खऱ्या सूर्याने गणित होतं आणि तोच परिणाम उघडपणे दिसतो. सूर्य मिथुनेत साडेएकतीस दिवसांच्या वर रेंगाळतो, धनु रास मात्र साडेएकोणतीस दिवसांच्या आत उरकतो. म्हणून अधिक महिने चैत्र ते आश्विन या टापूत गर्दी करतात. पौष-माघाकडे उलटा प्रकार, एकाच चांद्रमासात दोन संक्रांती पडून महिनाच गळतो, तो क्षयमास. १९६३-६४ आणि १९८२-८३ला असा पडला होता.

---

हरकतराय

विषय अमेरिकी पंचांगाचा आणि गाडी क्षयमासावर. या संस्थळाची परंपरा अबाधित आहे हे पाहून बरं वाटलं. (हलके घ्या.)

---

रानवाट

ब्लू मूनवर भरपूर झालं. मला वुल्फ मून, स्नो मून, वर्म मून या यादीबद्दल लिहायचंय, कारण धाग्याच्या नावात ती आहे आणि अजून कुणी हात घातलेला नाही.

जानेवारी वुल्फ, फेब्रुवारी स्नो, मार्च वर्म, एप्रिल पिंक, मे फ्लॉवर, जून स्ट्रॉबेरी, जुलै बक, ऑगस्ट स्टर्जन, सप्टेंबर कॉर्न किंवा हार्वेस्ट, ऑक्टोबर हंटर्स, नोव्हेंबर बीव्हर, डिसेंबर कोल्ड. ही यादी ‘अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांनी पौर्णिमांना दिलेली नावं’ म्हणून दरमहा छापून येते. या वाक्यात दोन गफलती आहेत.

एक, ‘मूळ रहिवासी’ असा कुणी एक समाज नाही. शेकडो भाषा आणि तितक्याच कालगणना. वरची यादी हे कडबोळं आहे, काही नावं ईशान्य अमेरिकेतल्या लोकांची, काही वसाहतवाल्या इंग्रजांची. हार्वेस्ट आणि हंटर्स ही सरळसरळ युरोपातून आलेली. ग्रेट लेक्सच्या परिसरातल्या ओजिब्वे लोकांकडे जूनला स्ट्रॉबेरीचा चंद्र आहे, हे जुळतं. पण वसंतात त्यांच्याकडे ‘इस्किगामिझिगे गीझिस’ असतो, मेपलचा रस आटवून साखर करण्याचा, आणि उन्हाळा सरताना ‘मनूमिनिके गीझिस’, सरोवरांतलं जंगली धान झोडून होड्यांत गोळा करण्याचा. हे दोन्ही लोकप्रिय यादीत नाहीत. ज्याच्या अंगणात जे पिकतं ते त्याच्या चंद्रावर. वाळवंटात राहणाऱ्याने आपल्या चंद्राला स्टर्जन माशाचं नाव का द्यावं?

दोन, आणि ही गफलत मोठी आहे. ही पौर्णिमेची नावं नव्हेतच, महिन्यांची आहेत. अमावास्येनंतर चंद्र दिसू लागल्यापासून पुन्हा दिसेनासा होईपर्यंतचा जो काळ, त्याचं नाव. जोनाथन कार्व्हर हा इंग्रज वसाहतीतला प्रवासी १७६६ ते १७६८मध्ये ग्रेट लेक्स आणि वरच्या मिसिसिपीच्या मुलखात फिरला, डकोटा लोकांमध्ये त्याने हिवाळा काढला. १७७८ला त्याचं प्रवासवर्णन छापलं गेलं. त्यात महिन्यांची यादी आहे आणि आजची बरीच नावं तिथे ओळखीची दिसतात : मार्च वर्म, मे फुलांचा, जुलै बक, ऑगस्ट स्टर्जन, सप्टेंबर मक्याचा, नोव्हेंबर बीव्हर, फेब्रुवारी बर्फाचा. पण तो स्पष्ट सांगतो की हे महिने आहेत, आणि वर्ष सुरू होतं वसंतसंपातानंतरच्या अमावास्येपासून. पौर्णिमेचा संबंध कुठे येतो?

त्याच्या यादीतला मार्चचा किडा म्हणजे आपण समजतो तो गांडूळ नाही. झाडांच्या सालीत आणि लाकडात हिवाळाभर लपलेले किडे त्या सुमारास बाहेर पडतात, असं कारण तो देतो. ‘बर्फ वितळून जमीन मऊ झाली आणि गांडुळं वर आली’ ही आज सगळीकडे वाचायला मिळणारी गोष्ट नंतरची. एप्रिलची पिंक मूनही गुलाबी दिसत नाही. तिथल्या जंगलांत जमिनीलगत पसरणारं फ्लॉक्स नावाचं रानफूल त्या सुमारास फुलतं, नाव त्याचं.

आणि आता ब्लू मूनवाल्यांसाठी. कार्व्हर लिहितो, की काही लोक बारा चंद्रांचं वर्ष धरतात आणि तीस चंद्र सरले की एक जास्तीचा घालतात. त्याला ते ‘हरवलेला चंद्र’ म्हणतात. मग पुन्हा पहिल्यापासून मोजणी सुरू.

तेरा हा आकडा तिकडे बऱ्याच समाजांत अडचणीचा नाहीच. कासवाची पाठ नीट बघा. मधली मोठी खवलं तेरा भरतात, पाठीच्या मध्यरेषेवर पाच आणि दोन्ही बाजूंना चार-चार. कडेने लहान खवलांची रांग. अनिशिनाबे आणि इतर काही समाज हीच पाठ वर्षाचे तेरा चंद्र मोजायला वापरतात. तेराव्याला उपरा म्हणायची गरज पडते ती बारा घरांची चौकट आधी आखून घेतली की.

---

दशमलव

रानवाट, हा ‘हरवलेला चंद्र’ भारी आहे. हिशेबाने तीसऐवजी साधारण साडेबत्तीस हवेत. तीसनंतर घातला तर वर्ष हळूहळू पुढे सरकेल. पण मार्चमध्ये किडे निघाले का, बर्फ वितळलं का, हे डोळ्यांसमोर असल्यावर मोजणी कधी थोपवायची ते त्या लोकांना कळत असणारच.

---

पुस्तकी किडा

(मार्चमधला नव्हे.)

इंग्लंडमधलाही एक जुना नमुना देतो. बीड नावाच्या मठवासी विद्वानाने ७२५मध्ये कालगणनेवर लॅटिन ग्रंथ लिहिला, त्यात ख्रिस्ती होण्याआधीच्या अँग्लो-सॅक्सन लोकांचे महिने नोंदवलेत. उन्हाळ्याच्या मध्याला ‘लिथा’ नावाचे दोन महिने. जास्तीचा महिना आला की तो तिथेच घालायचे, आणि तीन लिथा असलेल्या त्या वर्षाला म्हणायचे ‘थ्रिलिथी’. म्हणजे तेराव्याला स्वतंत्र नाव न देता शेजारच्याच नावात सामावून घेतलं. अधिक ज्येष्ठ आणि निज ज्येष्ठ, तीच युक्ती.

पिठूर यांच्यासाठी एक दुरुस्ती नव्हे, पुरवणी. पौर्णिमेचंच नाव म्हणता येईल असा एक महिना बीडच्या यादीत आहे : ‘विंटरफिलेथ’, ऑक्टोबरच्या आसपासचा. त्या महिन्याच्या पौर्णिमेपासून हिवाळा सुरू झाला असं धरत, म्हणून हिवाळा आणि पूर्णचंद्र मिळून हे नाव, असं तो सांगतो.

---

शंकासूर

मी मघाच्या मतावर ठाम आहे, पण एक कबूल. रानवाट यांची दुसरी गफलत खरी गफलत आहे. महिनाभराचं नाव उचलून एका रात्रीला लावलं, आणि तेही इंग्रजी महिन्याच्या मापाने. म्हणून तर दुसऱ्या पौर्णिमेला नाव उरलं नाही. मे महिन्याला एकच फ्लॉवर मून दिलेला, १ मेच्या पौर्णिमेने तो घेतला, ३१ मेच्या वाट्याला काय? ब्लू. जुन्या चांद्रमासांच्या हिशेबात ही वेळ अशी आलीच नसती.

---

पिठूर

शंकासूर, हेच मला म्हणायचं होतं आणि तुम्ही कमी शब्दांत म्हणालात. ब्लू मूनसाठी आकाशात काहीच घडत नाही. ती मोजणाऱ्यांच्या खात्यातली शिल्लक आहे. मेनवाल्यांनी ऋतूच्या खात्यात दाखवली, प्रुएट यांनी महिन्याच्या.

---

निशाचर

आकाशात काहीच घडत नाही? एक मिनिट. चंद्र खरोखर निळा दिसल्याच्या नोंदी आहेत.

क्राकाटोआ ज्वालामुखीचा स्फोट, ऑगस्ट १८८३. त्यानंतर बऱ्याच ठिकाणी सूर्य हिरवट आणि चंद्र निळसर दिसल्याचं लिहून ठेवलेलं आहे. दुसरी नोंद सप्टेंबर १९५०ची. कॅनडात अल्बर्टाच्या बाजूला प्रचंड वणवे पेटले होते. धूर वरच्या हवेतून अटलांटिक ओलांडून गेला आणि २६ सप्टेंबरला स्कॉटलंडमध्ये लोकांना निळा सूर्य दिसला, रात्री निळा चंद्र. एडिंबराच्या वेधशाळेत त्या निळ्या सूर्याचा वर्णपटही घेतला गेला.

एरवी धूर-धुळीने चंद्र तांबूस दिसतो, कारण बारीक कण निळा प्रकाश जास्त विखुरतात. निळा दिसायला कण मोठे हवेत, साधारण एक मायक्रॉनच्या आसपास, लाल प्रकाशाच्या ०.७ मायक्रॉन तरंगलांबीपेक्षा किंचित मोठे. आणि अट अशी की जवळजवळ सगळे एकाच मापाचे. मग लाल प्रकाश विखुरला जातो, निळा सरळ पोचतो. लहानमोठ्या कणांची सरमिसळ झाली की खेळ खलास. ही अटच क्वचित जुळते. आणि यासाठी पौर्णिमा लागत नाही, चतुर्थीची कोरही निळी दिसू शकते.

---

हरकतराय

सुपरमून राहिला. पंचांग नाही, परंपरा नाही, १९७९मध्ये रिचर्ड नोल नावाच्या एका अमेरिकी ज्योतिषाने काढलेला शब्द. चंद्र उपभूच्या (त्याच्या कक्षेतला पृथ्वीच्या सर्वांत जवळचा बिंदू) जवळ असताना आलेली पौर्णिमा किंवा अमावास्या, जवळ म्हणजे किती हे त्यानेच ठरवलं. आणि आता ‘सुपर ब्लू ब्लड मून’ अशा तिहेरी मथळ्यांवर लोक गच्चीवर धावतात.

---

निशाचर

धावू द्या हो. ३१ जानेवारी २०१८ला तो मथळा होता आणि खग्रास ग्रहण चंद्र उगवतानाच सुरू होतं. नावाच्या मोहाने का होईना, माना वर झाल्या. ३१ मे २०२६ची मात्र उलट, चंद्र अपभूपाशी, म्हणजे लांब आणि लहान.

या सगळ्या यादीत ज्याला खरोखर आकाशातला आधार आहे असं एक नाव सांगतो : हार्वेस्ट मून, सप्टेंबर संपाताच्या सर्वांत जवळची पौर्णिमा. चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो. पण त्या दिवसांत संध्याकाळी क्रांतिवृत्त (सूर्याची आकाशातली वाट, चंद्रही तिच्या जवळूनच फिरतो) पूर्व क्षितिजाशी अगदी लहान कोन करतं. चंद्र आपल्या वाटेवर रोजच्याइतकाच पुढे सरकतो, पण क्षितिजाखाली फारसा जात नाही. चाळीस अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास उशीर २५-३० मिनिटांवर येतो. लागोपाठ काही संध्याकाळी सूर्य मावळतो न मावळतो तोच पूर्वेला मोठा चंद्र हजर, कापणी करणाऱ्याला जादा उजेड. विषुववृत्ताकडे जाल तसा हा फरक पुसट होतो. दक्षिण गोलार्धात हेच मार्चला घडतं, त्यामुळे तिथे सप्टेंबरच्या पौर्णिमेला हार्वेस्ट मून म्हणणं म्हणजे निव्वळ नक्कल.

---

अधांतरी

एक भाबडा प्रश्न. पौर्णिमेचा क्षण जगभर एकच, पण तारीख जागेनुसार बदलते. मग ब्लू मून जगभर एकच कशी?

---

दशमलव

नसतेच. प्रश्न भाबडा नाही, नव्या व्याख्येचं हेच सर्वांत कच्चं अंग आहे.

डिसेंबर २००९ बघा. युरोप-अमेरिकेत २ डिसेंबर आणि ३१ डिसेंबर अशा दोन पौर्णिमा, म्हणून वर्षाखेरीला ब्लू मूनचा गाजावाजा. तोच क्षण भारतीय वेळेने १ जानेवारी २०१०, रात्री १२ वाजून ४३ मिनिटं. म्हणजे इकडे डिसेंबरात एकच पौर्णिमा. पुढची ३० जानेवारीला, त्यामुळे इकडची ब्लू मून जानेवारी २०१०मध्ये. त्या ३१ डिसेंबरची आयात केलेली बातमी मात्र इथेही तशीच छापली गेली.

ऑगस्ट २०२३मध्ये थोडक्यात निभावलं. पहिली पौर्णिमा जागतिक वेळेने १ ऑगस्टची, भारतीय वेळेने २ ऑगस्ट, मध्यरात्र उलटून दोन मिनिटांनी. महिना तोच राहिला म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही.

मे २०२६ला ही कटकट नाही. भारतीय वेळेने १ मेला रात्री १०:५३ आणि ३१ मेला दुपारी २:१५. पृथ्वीवर कुठेही गेलात तरी दोन्ही मे महिन्यातच.

---

अधांतरी

आणि यापुढच्या?

---

दशमलव

पिठूर यांच्या जुन्या नियमाने : २० मे २०२७. त्या वसंतात २२ मार्च, २० एप्रिल, २० मे, १९ जून अशा चार, त्यातली तिसरी. तारीख विसावी आणि महिना मे, मेनच्या पंचांगात शोभेल अशी. त्यानंतरची ऑगस्ट २०२९मध्ये.

शंकासूर यांच्या नव्या नियमाने : ३१ डिसेंबर २०२८. भारतीय वेळेने रात्री १०:१८, आणि त्याच रात्री खग्रास चंद्रग्रहण. इथून दिसेल. जपान आणि ऑस्ट्रेलियात मात्र तोवर १ जानेवारी २०२९ उजाडलेली असेल. त्यांच्या डिसेंबरात एकच पौर्णिमा, आणि ब्लू मून ३० जानेवारी २०२९ला.

---

शंकासूर

म्हणजे ग्रहण दोघांचं एकच आणि ब्लू मून वेगवेगळी. बरं, ही ढकलपत्रं जपानकडे पाठवताना तारीख बदलून पाठवतो.